ग्रीन टी उकळू नका, जेवणावर तर पिऊच नका

आपल्या चहासारखी ग्रीन टी गॅसवर खळखळ उकळली की ती कडूजहर होणारच, मग त्यात दोन चमचे मध पडतो. तिथेच सगळं फिसकटतं. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, मग पत्ती घालून दोन मिनिटांत गाळा. रंग फिकट हिरवट-पिवळा हवा.

जपानच्या मियागी प्रांतात ४०,५३० प्रौढांची पाहणी झाली, निष्कर्ष २००६ साली छापून आले. रोज पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघाताचे मृत्यू कमी दिसले, बायकांमध्ये अधिक ठळकपणे. कॅन्सरच्या मृत्यूंत मात्र फरक नाही. (आणि तिथला कप साधारण १०० मिलिलिटरचा, आपला मग नव्हे!) अर्थात हा नुसता संबंध दिसला, चहामुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही.

जेवणानंतर तासभर थांबून प्या, नाहीतर पालक-मेथीतलं लोह नीट अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर हे पाळाच. वजन घटवायच्या ग्रीन टी अर्काच्या गोळ्या नकोत, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बीपी-शुगरची गोळी चहाच्या भरवशावर बंद करू नका.