अभिसंधानातल्या चार संज्ञांचा गोंधळ असा सोडवा

बी. ए. मानसशास्त्राला पाव्हलॉव्हचा प्रयोग (घंटा वाजवून अन्न देत गेलं की पुढं कुत्र्याला नुसत्या घंटेनंही लाळ सुटते; असं जुळवून शिकणं म्हणजे अभिसंधान) शिकताना अभिसंधित, म्हणजे शिकलेलं, कोणतं नि अनभिसंधित, म्हणजे न शिकता घडणारं, कोणतं, इथं भल्याभल्यांचं अडतं. सांगलीकरांनी सरळ भडंग धरून पाठ करावं.

१. आधी विचारा, न शिकता काय घडतं? भडंग तोंडात पडलं की लाळ सुटते. भडंग हे अनभिसंधित उद्दीपक (प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट), ती लाळ अनभिसंधित प्रतिक्रिया.

२. मग, अनुभवानं काय जुळलं? नुसती पुडी कुरकुरली तरी लाळ सुटते. कुरकुर अभिसंधित उद्दीपक, ही लाळ अभिसंधित प्रतिक्रिया.

आता भडंगाच्या जागी कुत्र्याचं अन्न आणि कुरकुरीच्या जागी घंटा ठेवा, झालं. लाळ दोन्हीकडे सारखीच दिसते; नाव ठरवताना ती कशामुळे सुटली तेवढंच बघायचं. खरी मेख तिथंच आहे.

पेपरात मात्र आधी कुत्र्याचा प्रयोग लिहा, भडंग त्यानंतर.