एसीचा ‘गॅस संपला’ ऐकून लगेच पैसे काढू नका: सांगलीच्या घरांत रोज दिसणाऱ्या चुका

मार्च उजाडला की सांगली-मिरजेत एकच वाक्य कानावर येतं: “गॅस संपला असेल, भरून द्या.” गार वारा येत नाही एवढ्यावरून घरातले निदान करून मोकळे होतात आणि घाईतला मेकॅनिक मान डोलावतो. पण एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं बिल आजच ठरवणं.

खरं तर बऱ्याचदा गॅस कमीही नसतो. आपल्याकडे हिवाळ्यात उसाचं पाचट जाळतात, त्याची काजळी घरात येते. मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीची धूळ असते. जाळीवर हा थर बसला की हवा ओढली जात नाही आणि इनडोअरच्या कॉइलवर बर्फ धरतो. गॅस कमी असला तरी बर्फच धरतो. म्हणून मी गेज (दाब मोजायचा काटा) हातात घेण्याआधी जाळी काढतो, धुतो, आउटडोअरची कॉइल पाण्याने साफ करतो आणि मशीन पुन्हा चालवून बघतो. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. जाळी तर घरातल्या कोणालाही दर पंधरा दिवसांनी धुता येते, त्यासाठी मेकॅनिक लागत नाही.

सांगलीच्या विश्रामबागेत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी होता. दर उन्हाळ्यात नवा मेकॅनिक यायचा, गॅस भरायचा, पैसे घेऊन जायचा. दिवाळीपर्यंत मशीन चालायचं, मार्चमध्ये पुन्हा तेच. सर वैतागून म्हणाले, “नवीनच घेतो आता.” आउटडोअरला जिथे तांब्याच्या नळ्या जोडतात, तिथे टेपचे थरावर थर गुंडाळलेले होते. इतक्या वर्षांत तो टेप कोणी सोडलाच नव्हता. सोडला तर जाड नळीच्या नटाखाली तेलाचं काळं, चिकट कडं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेल दिसतं. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला तर लगेच बुडबुडे. फ्लेअरच्या, म्हणजे नटाखाली बसणाऱ्या नळीच्या पसरट तोंडाच्या, कडेला बारीक चीर गेली होती. नळी कापली, फ्लेअर नवीन केला, व्हॅक्यूम घेतला, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढली, आणि मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरला. त्यानंतर त्या मशीनला गॅस लागलेला नाही. कॉम्प्रेसरला परतणाऱ्या गार गॅसनेच थंडावा मिळतो. गॅस कमी असताना कॉम्प्रेसर तापत राहतो, म्हणून आणखी एखादा उन्हाळा तसाच काढला असता तर तो नक्की गेला असता.

दाब तपासायला नायट्रोजनच वापरा. वेल्डिंगचा ऑक्सिजन जवळ असतो म्हणून तोच जोडणारे मी पाहिलेत. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होतो.

इन्व्हर्टर मशीनमध्ये नुसतं गेज बघून गॅस भरू नका. कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाबही बदलतो, मग काटा बघणारा जास्तच भरतो. वजनकाटा नसलेल्या माणसाला मी माझ्या घरच्या मशीनला हात लावू देणार नाही.

आता व्हॅक्यूम. ही चूक तर मला अक्षरशः छळते. नवीन एसी बसवताना पंप न लावता आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा ‘ढकलून’ देतात. पाच मिनिटांत काम, गिऱ्हाईकही खूश. पण आत उरलेली हवा आणि ओल कुठे जाणार? ओल तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरची वाइंडिंग (मोटरची तारेची गुंडाळी) खातं. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, काही वर्षांनी पडतं, म्हणून दोष कोणावरच येत नाही. हल्लीचा आर-३२ गॅस पेट घेणाराही आहे, तो असा खोलीत किंवा गॅलरीत सोडणं वेगळंच संकट. मी पंप अर्धा तास चालवतो, झडप बंद करतो आणि दहा-पंधरा मिनिटं गेजचा काटा हलतो का बघतो. शिकाऊ पोरांना तेवढा वेळ जड वाटतो. मी त्यांना तिथेच बसवून ठेवतो.

जुन्या आर-२२ गॅसचा एसी काढून नवा घेताय? जुन्याच नळ्या वापरून पैसे वाचवू नका. आत जुनं तेल असतं आणि नव्या गॅसचा दाब जवळपास दीडपट. दीड टनाला ४ चौरस मिमीची स्वतंत्र तांब्याची वायर घ्या, पंख्याच्या लाइनवर भार टाकू नका. स्लॅब तापतो म्हणून दोन टनाचा घेण्याआधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग लावून बघा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर एक गोष्ट फार झाली. पाणी ओसरल्यावर लोकांनी आउटडोअरचं बटण दाबून ‘चालतंय का’ पाहिलं. इन्व्हर्टरचं सर्किट आउटडोअरमध्येच असतं, गाळ आणि ओल असताना वीज दिली की ते जळतं. आधी एमसीबी पाडा, मशीन उघडून धुवा, पूर्ण वाळवा, मगच वीज. आणि पाणी चढणाऱ्या भागात राहत असाल तर आउटडोअर पहिल्याच दिवशी उंच टांगा.

कूलर बंद खोलीत लावू नका. खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवाच फिरते. टाकी आठवड्याला रिकामी करा, डास होतात.

गिझरच्या बाबतीत बोअरचं पाणी जड असतं, टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजून संपतो आणि मग टाकी गंजते. तो दर वर्षी तपासा. प्रेशर व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच मारणारे महाभाग आहेत. ते बूच आजच काढा आणि व्हॉल्व्ह बदला. गॅस गिझर मात्र बाथरूमच्या आत नकोच. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आत कोसळतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. तो बाहेर मोकळ्या हवेत लावा.

सोलरची टाकी रिकामी झाली असेल तर दुपारी उन्हात गार पाणी सोडू नका, तापलेल्या काचेच्या नळ्या तडकतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा सकाळी लवकर भरा.