मुलांच्या व्लॉगवर टीका झाली तर

पहिले २४ तास उत्तर देऊ नका. रागात केलेल्या लाइव्हचे तुकडे कापून फिरवले जातात, मूळ व्हिडिओपेक्षा जास्त.

आधी कमेंट्स वेगळ्या काढा. 'मूल रडत होतं, तरी कॅमेरा चालू?' ही तक्रार आहे. 'आईच नालायक' ही शिवी. शिव्यांसाठी यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमधल्या ब्लॉक केलेल्या शब्दांत ते शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीतही टाका. मराठीतली बरीच शिवीगाळ रोमनमध्येच होते, म्हणून नुसती देवनागरी यादी फसते. धमकी असेल तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट आणि लिंक ठेवा. सायबर तक्रारीला दोन्ही लागतात.

तक्रार खरी असेल तर अख्खा व्हिडिओ उडवू नका, लपवाछपवी वाटते. स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापता किंवा धूसर करता येतो. लिंक तीच राहते. आंघोळ, आजारपण, मार खाल्लेलं तोंड मात्र सरळ काढाच. त्याच हाताने जुने व्हिडिओही तपासा, मूल कुठे सापडेल हे कळेल असं काही दिसतंय का: सोसायटीच्या गेटवरची पाटी, गणवेशावरचा बिल्ला, स्कूल बसचा नंबर, दादरच्या फलाटावर रोज त्याच वेळी उभं असलेलं मूल.

मग खुलासा, तीन वाक्यांत: काय चुकलं, काय काढलं, पुढे काय करणार नाही. मुलाला समोर बसवून 'मला आवडतं' म्हणायला लावू नका. टीका तिथेच दुप्पट होते.

पैशांवर प्रश्न येतोच. बालकलाकारांच्या कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याचा नियम आहे. घरच्या व्लॉगलाही तोच हिशेब लावावा.