निपल्स दुखतायत आणि बाळाला परत भूक लागलीय: आधी काय करायचं, मग काय

बाळ कुरकुरायला लागलं की माझ्या पायाची बोटं आपोआप आवळली जायची. आता परत पाजायचं म्हणजे परत ते दुखणं, म्हणून खांदे वर चढलेले, श्वास रोखलेला, दातावर दात. चौथा दिवस होता. जो तो म्हणत होता की होईल सवय, कातडी घट्ट होते हळूहळू, तोवर क्रीम लाव. क्रीम लावलं, क्रीम वाईट नव्हतंच, पण दर फीडला जखम नव्याने होत होती, म्हणजे छप्पर गळतंय ते तसंच ठेवायचं आणि खाली बादल्या मांडत बसायचं असं चाललेलं. त्यामुळे इथे क्रम उलटा लावतेय, आधी बाळ तोंडात कसं धरतंय ते, क्रीम नंतर.

आधी हे सांगते की किती दुखणं चालतं. सुरुवातीच्या दिवसांत बाळ तोंड लावतं तेव्हा पहिलं अर्धं-एक मिनिट ओढल्यासारखं, चुरचुरल्यासारखं होतं आणि मग कमी होतं, हे बऱ्याच जणींना होतं. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्या-दीड आठवड्यात ओसरायला लागतं. पण पूर्ण फीडभर दुखतंय, चिरा पडल्यात, रक्त येतंय, किंवा महिनाभर सगळं छान चाललं होतं आणि अचानक दुखायला लागलं, तर ती सवय व्हायची गोष्ट नाही. त्याला काहीतरी कारण असतं आणि ते शोधायचं असतं.

दुखतंय तर आधी सोडवून घ्या, पण ओढून नाही

चुकीचं धरलंय हे कळलं की दात-ओठ खाऊन वीस मिनिटं काढू नका. आणि बाळाला खेचूही नका, त्याने अजून सोलवटतं. स्वच्छ धुतलेली करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवा, दोन हिरड्यांच्या मध्ये, हवा आत गेली की टप् असा आवाज येतो आणि पकड सुटते. मग परत लावा. पहिल्या दिवसांत एका फीडला चार-पाच वेळा असं करावं लागलं तरी करा, बाळ चिडतं थोडं, पण शिकतंही.

सुटल्या सुटल्या निपल बघा, लगेच, कपडा ओढायच्या आधी. इतकी साधी गोष्ट आहे आणि मला ती कुणी सांगितली नव्हती. गोलच आहे, फक्त जरा लांबलंय, तर ठीक. पण चपटं झालंय, नव्या लिपस्टिकसारखं एका बाजूने तिरकं झालंय किंवा टोकावर पांढरी रेघ उमटलीय, तर ते आत चिमटलं जातंय. स्वतःच्या जिभेने टाळू चाचपून बघा, पुढे कडक लागतो आणि मागे एकदम मऊ होतो ना? निपल त्या मऊ भागाच्या जवळपास पोचायला हवं. नुसतं टोक तोंडात असेल तर ते जीभ आणि कडक टाळू यांच्यात दर चोखण्याला चेपतं, आणि बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा पितं. कुठली कातडी टिकणार?

आता परत लावायचं, यावेळी घाई न करता

आधी तुम्ही नीट बसा. पाठीला टेकू, हाताखाली उशी, खांदे खाली. वाकून छाती बाळापर्यंत न्यायची नाही, बाळाला छातीपर्यंत आणायचं, नाहीतर निपलही दुखतं आणि पाठही कायमची जाते.

बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं हवं आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत, मान वळवून प्यायला लागता कामा नये. आधार मानेला आणि खांद्यांना द्यायचा, डोक्याच्या मागे हात लावून ढकलायचं नाही. ढकललं की बाळ उलटं जोर लावतं, शिवाय त्याची हनुवटी त्याच्याच छातीला टेकते. तुम्ही हनुवटी छातीला टेकवून पाणी प्यायचा प्रयत्न करून बघा म्हणजे कळेल त्याला कसं होतं ते.

मग बाळाचं नाक निपलसमोर आणा. हो, नाक, तोंड नाही. निपल वरच्या ओठावर हलकेच फिरवा आणि थांबा. ते मान किंचित मागे टाकून मोठ्ठा आ करेल, जांभई देतं ना तसा. अर्धवट उघडलेल्या तोंडात कोंबायचा मोह होतो, रात्री तीन वाजता तर होतोच, पण तिथेच सगळं बिघडतं. मोठा आ झाला की चटकन जवळ घ्या, हनुवटी आधी टेकली पाहिजे आणि खालचा ओठ निपलच्या बुडापासून जितका लांब तितकं चांगलं. आपणही मोठा घास घेताना खालचा जबडा आधी पुढे नेतो, तसंच.

नीट लागलंय हे कसं ओळखायचं, तर बाळाची हनुवटी तुमच्या छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर, आणि निपलभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. आधी भरभर चोखतं, मग दूध उतरलं की संथ आणि खोल, मध्येमध्ये गिळल्याचा आवाज. गालात खळ्या पडतायत, टकटक असा आवाज येतोय, तर पकड उथळ आहे. आणि हे सगळं फोटोतल्यासारखं दिसतंय पण तुम्हाला दुखतंय, तर दुखणं खरं माना, फोटो नाही.

बसून जमत नसेल तर मागे रेलून, बाळाला छातीवर पालथं ठेवून बघा, अशा वेळी बरीच बाळं स्वतःच शोधून नीट धरतात. काखेत धरून, पाय मागच्या बाजूला, किंवा कुशीवर झोपून पण चालतं. पोझिशन बदलली की दाब वेगळ्या जागी येतो, तेवढीच चिरलेल्या जागेला उसंत. आणि बाळ ओठ चाटायला लागलं, मुठी तोंडात घालायला लागलं की लगेच घ्या, रडून लाल झाल्यावर ते नीट धरतच नाही.

छाती दाटून दगडासारखी झाली असेल (दूध उतरायच्या दिवसांत, दुसऱ्या ते पाचव्या दिवशी हे बऱ्याच जणींना होतं) तर बाळाला पकडायला मऊ असं काही मिळतच नाही. तेव्हा लावायच्या आधी हाताने थोडं दूध काढा, किंवा बोटांची टोकं निपलच्या भोवती ठेवून मिनिटभर आत, छातीच्या दिशेने दाबून धरा. सूज मागे सरकते, भाग मऊ होतो. साधी युक्ती आहे पण फार उपयोगी.

जखमेचं काय

आता क्रीम वगैरे. फीड झाल्यावर अंगावरच्याच दुधाचे दोन थेंब निपलवर चोळा आणि वाऱ्यावर वाळू द्या. चिरा असतील तर शुद्ध लॅनोलिनचा पातळ थर लावा, पुढच्या फीडआधी पुसायची गरज नसते. ते मेंढीच्या लोकरीतून काढतात, त्यामुळे लोकरीची अ‍ॅलर्जी असेल तर नको. एक कप कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात एखादं मिनिट निपल बुडवलं तरी बरं वाटतं, फीडआधी मात्र साध्या पाण्याने धुवा. पूर्वी सांगायचे की हेअर ड्रायरने कोरडं करा, ते नको, जखम कडक सुकली की खपली धरते आणि पुढच्या फीडला खपली निघून येते.

साबण लावू नका. निपलभोवती जे बारीक दाणे दिसतात त्या ग्रंथी स्वतःच तेलकट स्राव सोडतात, साबणाने तो निघून जातो, आंघोळीचं साधं पाणी पुरतं. ब्रेस्ट पॅड ओला झाला की लगेच बदला, चिकटला असेल तर पाण्याने भिजवून सोडवा. मध तर अजिबात लावू नका, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मध गेला तर बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. बधिर करणारी क्रीम्सपण नकोत, बाळाचंच तोंड बधिर होतं आणि काही औषधं त्याला धोक्याची असतात. दुखणं फार असेल तर पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेन अंगावर पाजताना साधारणपणे चालतं, पण डॉक्टरांना विचारून, तुमची बाकीची औषधं त्यांना माहीत असतात.

कमी दुखणाऱ्या बाजूने सुरू करा, सुरुवातीचा जोर तिकडे जातो. चिरेतून थोडं रक्त दुधात गेलं, बाळाच्या उलटीत लाल रेघ दिसली तर घाबरायला होतं, मी तर रडलेच होते, पण आपल्या चिरेतलं थोडंसं रक्त बाळाला सहसा अपाय करत नाही. आणि अगदीच सहन होईना तर त्या बाजूला बारा ते चोवीस तास विश्रांती द्या, यात काही हरल्यासारखं नाही. फक्त तेवढ्या वेळात दर दोन-तीन तासांनी हाताने किंवा पंपाने दूध काढत राहा, नाहीतर दूध साठून गाठी होतात. पंपाचं फनेल (छातीवर बसवायचा नरसाळ्यासारखा भाग) मापाचं हवं, निपल आत घासत असेल तर पंपच जखम करतो, आणि सक्शन जास्त ठेवलं म्हणजे दूध जास्त येतं असंही नाही.

सगळं करूनही दुखतंय तर

मग कारण दुसरं असू शकतं. बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड असेल (टंग टाय) तर त्याला जीभ नीट पुढे काढता येत नाही, ते बालरोगतज्ज्ञांकडून किंवा लॅक्टेशन कन्सल्टंटकडून (अंगावर पाजण्याबद्दल सल्ला देणाऱ्या) तपासून घ्या. आधी ठीक होतं आणि आता जळजळ होतेय, निपल चकचकीत गुलाबी दिसतंय, बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे डाग आहेत, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्यात औषध दोघांनाही एकाच वेळी लागतं, नाहीतर एकमेकांकडून परत होत राहतो. फीडनंतर निपल पांढरंफटक पडून मग निळं-लाल होतंय आणि ठणकतंय, थंडीत जास्त, तर रक्तवाहिन्या आकसतायत. बाळ सुटलं की लगेच तळहाताने झाका, ऊब द्या, आणि बाळाची पकड परत तपासा, कारण चिमटलं जाण्यानेही हे होतं.

छातीवर लाल, गरम, दुखरा पट्टा आणि ताप, थंडी, अंग मोडून आल्यासारखं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाजणं बंद करायचं नसतं, थंड शेक द्या, गाठ जोरजोरात रगडू नका. चिरेतून पू येतोय तरी जा. आणि बाळाकडे लक्ष ठेवा, पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत यायला हवं, तसं होत नसेल तर थांबू नका, कारण जी पकड तुम्हाला दुखवते त्याच पकडीत बाळाला दूधही कमी मिळतं.

माझं तेराव्या दिवशी जमलं, एका बाजूला, म्हणजे डाव्या. उजवी अजून आठवडाभर कुरकुरत होती. काही महिन्यांनी दात आल्यावर तो एकदा चावला तेव्हा मी इतकी जोरात ओरडले की तोच दचकून रडायला लागला. पण खरं तर बाळ नीट पीत असतं तेव्हा जीभ खालच्या हिरडीवर असते, चावता येतच नाही, पोट भरल्यावर खेळ सुरू झाला की चावतं. चावलं तर खेचू नका, उलट क्षणभर जवळ घ्या म्हणजे ते आपोआप तोंड उघडतं, आणि करंगळी आहेच.