बिल्ड पास झालं म्हणजे टेस्टिंग झालं नाही: लिनक्स पॅकेज सोडताना या चुका टाळा

बिल्ड लॉगच्या शेवटी सगळं हिरवं दिसलं की लगेच अपलोड करायचा मोह होतो. पण बिल्ड पास होणं म्हणजे कोड कंपाईल झाला आणि एक डेब फाईल (डेबियनवर बसवायचं पॅकेज) तयार झाली, बस एवढंच. ती दुसऱ्याच्या मशीनवर बसेल का, जुन्या व्हर्जनवरून नीट अपग्रेड होईल का, काढल्यावर मागे कचरा ठेवेल का, यातलं काहीच अजून कळलेलं नसतं. मी हे डेबियनच्या अंगाने लिहितोय, पण फेडोरा, आर्च, ओपनसुसे अशा कुठल्याही लिनक्सचं पॅकेज सांभाळत असाल तरी चुका थोड्याफार ह्याच होतात.

रोजच्या लॅपटॉपवर बिल्ड करून तिथेच टेस्ट करणं

आपल्या मशीनवर ढीगभर लायब्रऱ्या आधीच पडलेल्या असतात, त्यामुळे डिपेंडन्सी (आपल्या पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) लिहायची राहिली तरी प्रोग्राम आपल्याकडे मस्त चालतो आणि दुसऱ्याकडे उघडतच नाही. डेबियनवर एसबिल्ड, फेडोरावर मॉक, आर्चवर डेव्हटूल्स, जे असेल ते वापरा पण बिल्ड कोऱ्या वातावरणातच करा. आणि मग तयार पॅकेज वेगळ्या कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर बसवून प्रोग्राम प्रत्यक्ष उघडून बघा.

फक्त नवीन इन्स्टॉल तपासणं, अपग्रेड नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो, कारण बहुतेक लोकांकडे तुमचं जुनं व्हर्जन आधीच असतं. समजा एक मॅन पेज (कमांडच्या मदतीचं पान) आधी मुख्य पॅकेजमध्ये होतं आणि नवीन व्हर्जनमध्ये तुम्ही ते वेगळ्या डॉक पॅकेजमध्ये हलवलं. कोऱ्या मशीनवर काहीच अडचण येत नाही. पण जुनं व्हर्जन असलेल्याने अपग्रेड केलं आणि डीपीकेजीने (डेबियनवर पॅकेज बसवणारा प्रोग्राम) डॉक पॅकेज आधी उघडायला घेतलं की ते तिथेच अडकतं, कारण ती फाईल अजून जुन्या पॅकेजच्या नावावर असते, आणि 'ट्रायिंग टू ओव्हरराइट' असा एरर येऊन अपग्रेड अर्धवट थांबतं. उपाय सोपा आहे: कंट्रोल फाईलमध्ये (पॅकेजची माहिती असते ती) डॉक पॅकेजखाली मुख्य पॅकेजसाठी ब्रेक्स (त्याच्या जुन्या व्हर्जनबरोबर जमत नाही) आणि रिप्लेसेस (त्याच्या फाईलची जागा घेऊ शकतं) दोन्ही टाका, आणि 'अमुक व्हर्जनच्या आधीचं' अशी अट लिहा. नुसतं रिप्लेसेस टाकून सोडू नका.

तसंच पोस्टइन्स्ट (इन्स्टॉलनंतर आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टचं. ती एकदाच चालणार असं धरून लोक लिहितात, सिस्टीम युजर तयार करतात, आणि दुसऱ्यांदा चालली की 'युजर आधीच आहे' म्हणून फेल होते आणि पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन पडतं. इन्स्टॉल, स्टेबलमधून (डेबियनच्या पक्क्या आवृत्तीतून) अपग्रेड, रिमूव्ह, पर्ज (सेटिंग्ससकट काढणं), परत इन्स्टॉल, हा सगळा फेरा पियूपार्ट्स नावाचं टूल आपोआप करून देतं, तर ते अपलोडच्या आधी चालवाच.

अपग्रेडचं मोठं उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०२२ मध्ये आर्चवर आलेलं ग्रबचं (मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरचं) अपडेट. नवीन कॉन्फिग फाईलमध्ये फर्मवेअर सेटअपला सपोर्ट आहे का हे विचारणारी एक कमांड आली होती. ज्यांनी कॉन्फिग नव्याने तयार केली पण ग्रब स्वतः परत बूट पार्टिशनवर बसवला नाही, त्यांच्याकडे जुना ग्रब नवी कॉन्फिग वाचत होता, त्याला ते विचारणं कळत नव्हतं आणि तो थेट बायोसच्या स्क्रीनवर जायचा. मशीन सुरूच होईना. नवीन इन्स्टॉलवर हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच व्हर्जनच्या असतात.

टेस्टिंगचे दिवस म्हणजे नुसतं थांबणं असं समजणं

डेबियनमध्ये पॅकेजला अनस्टेबलमधून (नवीन पॅकेज आधी येतं ती शाखा) टेस्टिंगमध्ये (पुढचं स्टेबल तयार होतं ती शाखा) जायला अर्जन्सीप्रमाणे (अपडेट किती तातडीचं आहे त्यावर) साधारण २, ५ किंवा १० दिवस लागतात, फेडोरात अपडेट आधी अपडेट्स-टेस्टिंगमध्ये बसतं आणि लोक वापरून बोधी या साईटवर कर्मा (प्लस किंवा मायनस मत) देतात. हे दिवस कोणीतरी पॅकेज खरंच वापरावं म्हणून ठेवलेत. घाईत अर्जन्सी हाय टाकणं किंवा न वापरताच मित्राच्या अपडेटला प्लस देणं, दोन्ही कृपया करू नका.

या थराचं महत्त्व बघायचं तर मार्च २०२४ चं एक्सझेड (फाईल दाबून लहान करायचं टूल) प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची चोरवाट) होता, डेबियन अनस्टेबल आणि टेस्टिंग, फेडोरा रॉहाईड, ओपनसुसे टंबलवीड या सतत बदलणाऱ्या आवृत्त्यांपर्यंत तो पोचलाही होता. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसचे डेव्हलपर डेबियन अनस्टेबलवर काम करत होते, एसएसएचने (दूरच्या मशीनवर) लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे त्यांनी खोदून काढलं आणि डेबियन स्टेबल वाचलं. कुठल्याही ऑटोमॅटिक टेस्टने ते पकडलं नव्हतं. वापरणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं.

पॅच लावला, टेस्ट पास झाल्या, म्हणजे झालं

डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमध्ये २००६ साली व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या टूलची वॉर्निंग घालवायला कोडच्या ओळी काढल्या गेल्या आणि रँडम नंबर तयार करायचा जीवच गेला. सगळं चालत होतं, कीज तयार होत होत्या, पण एका प्रकारच्या आणि साईझच्या जेमतेम ३२ हजार वेगवेगळ्या कीज निघू शकत होत्या. हे बाहेर आलं मे २००८ मध्ये. म्हणून तुमचा पॅच (कोडमधला बदल) ज्या गोष्टीला हात लावतो तिची वेगळी टेस्ट लिहा, आणि पॅच अपस्ट्रीमला (मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना) पूर्ण संदर्भासकट दाखवा.

आपल्या मराठी लोकांनी एक गोष्ट आवर्जून करावी असं मला मनापासून वाटतं. हार्फबझ, पँगो (अक्षरं जोडून दाखवणाऱ्या लायब्रऱ्या), आयबस (टायपिंगचं टूल) किंवा देवनागरी फॉन्टचं अपडेट टेस्टिंगमध्ये आलं की 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द टाईप करून बघा, तो अर्धा र नीट दिसतोय का, मराठी वळणाचा ल आणि श येतोय का. बाकीचे टेस्टर इंग्रजी मेनू उघडून बघतील आणि प्लस देतील, त्यांचा दोष नाही, त्यांना ते वाचताच येत नाही. आपण नाही बघितलं तर ते तसंच स्टेबलमध्ये जाणार.

तुटकं पॅकेज गेलंच तर

आधी स्वतःच्याच पॅकेजवर सीरियस लेव्हलचा बग रिपोर्ट टाका, त्याने ते टेस्टिंगमध्ये जायचं थांबतं. मग जुनं व्हर्जन तसंच परत अपलोड करायला जाऊ नका, नंबर कमी असला तर अपलोडच नाकारला जातो आणि लोकांच्या मशीनवरही काही बदलत नाही. एक्सझेडच्या वेळी डेबियनने ५.६.१+रिअली५.४.५ असा नंबर दिला होता, म्हणजे आत जुना कोड पण नंबर मोठा, तशीच पद्धत वापरा. इपॉक (व्हर्जन नंबरच्या आधी लावायचा वेगळा आकडा) वाढवायचं शक्यतो टाळा, तो एकदा लावला की त्या पॅकेजला कायमचा चिकटतो. ज्यांचं अपग्रेड अर्ध्यात अडकलंय त्यांना दुरुस्त पॅकेज आल्यावर लिस्ट अपडेट करून ॲप्टची (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरची) फिक्स-ब्रोकन कमांड चालवायला सांगा, आणि ती काय काय काढून टाकणार आहे ती यादी वाचल्याशिवाय येस दाबू नका हेही त्याच मेसेजमध्ये लिहा.