थंडीत उंदीर, घुशी, साप घरात येऊ नयेत म्हणून काय करावे

नोव्हेंबरात सोलापूर जिल्ह्यात ऊसतोड सुरू होते. फडातला आडोसा गेला की उंदीर-घुशी वस्तीकडे सरकतात आणि त्यांच्या मागावर साप. हद्दवाढ भागात शेताला लागून घर असेल तर दिवाळी झाली की लगेच हे काम हातात घ्या.

सुरुवात अंधार पडल्यावर करा. घरातले सगळे दिवे लावा, दारं-खिडक्या लावून बाहेर या आणि घराला एक फेरी मारा. उंबऱ्याखालून, नळाच्या पाइपाभोवतून, पत्र्याच्या पन्हळीतून जिथे उजेड झिरपतो, तिथे खडूने खूण करा. शिसपेन्सिल आत गेली तर लहान उंदीरही जातो. अंगठा गेला तर मोठाही.

भोक दिसलं की लगेच सिमेंट कालवू नका. उंदीर दिवसा झोपतो, त्यामुळे दुपारी बुजवलेल्या भोकामागे तो पिल्लांसकट अडकून मरतो. मग पंधरा दिवस घरभर वास. त्याऐवजी भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल बसवा आणि समोर हातभर जागेत रांगोळी पातळ पसरा. सकाळी बोळा ढकललेला असेल किंवा रांगोळीवर पावलं असतील तर ये-जा चालू आहे. अशा वेळी बाकीची भोकं आधी बुजवा, हे एकच मोकळं ठेवा आणि आतलं खाणं उचला. ज्वारीची पोती पत्र्याच्या कोठीत, शेंगदाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, खरकटं रात्रीच बाहेर. सलग तीन रात्री बोळा जागचा हलला नाही, की शेवटचं भोक बंद करा. आतून पिल्लांची चूंचूं ऐकू येत असेल तर मात्र थांबा, तीन-चार आठवड्यांत ती स्वतः बाहेर पडतात.

बुजवताना नुसता माल भरला तर तो ओला असतानाच उंदीर उकरतो. फोम तर सहज कुरतडला जातो. आधी भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी ठासून भरा (साधी लोखंडी गंजून गळते), मग 1 भाग सिमेंट, 3 भाग वाळू असा माल दोन बोटं जाड लिंपा. मोठ्या भोकाला 6 मिमीची वेल्डेड जाळी स्क्रूने बसवून त्यावर माल.

मोरीची जाळी नुसती ठेवलेली असते, ही नेहमीची चूक. केस अडकले की ती उचलून बाजूला ठेवतात आणि परत बसवायची राहते. ती स्क्रूनेच बसवा. दाराखालची रबरी पट्टी चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पोचली पाहिजे; तिथे बोटभर जागा राहिली की पट्टी लावली काय, न लावली काय. घूस जोत्याखालून पोखरत असेल तर भिंतीलगत फूटभर खोल चर खणा, जाळी उभी लावून तिचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला फूटभर आडवं वळवा आणि माती दाबा.

सरपण, गोवऱ्या, कडब्याची गंजी भिंतीला टेकवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाली की हे हमखास होतं, आणि नाग असो की घोणस, त्यांना दडायला तीच जागा आवडते.

आतला उंदीर धरायचा तर पिंजरा लावा, पण भोकं बुजवल्यानंतरच, नाहीतर बाहेर सोडलेला रात्री परत हजर. भाकरीच्या तुकड्याला शेंगदाण्याचं कूट लावून ठेवा, पिंजरा सकाळ-संध्याकाळ बघा. चिकट पॅड आणू नका. त्यावर उंदीर तासन् तास तडफडतो, आणि पाल, चिमणीही चिकटते. विषाने मेलेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला तर घुबडही मरू शकतं, म्हणजे तुमच्या बाजूचा शिकारीच गेला.

साप आत दिसला तर दोन-तीन मीटर दूर राहून त्याच्यावर फक्त नजर ठेवा, आतल्या खोल्यांची दारं लावा, मुलांना बाहेर काढा आणि वन विभागाच्या 1926 क्रमांकावर किंवा सर्पमित्राला फोन करा. फिनेल, लसूण, डांबरगोळ्यांनी साप जात नाही. चावलाच तर बांधू नका, कापू नका; चावलेला हात-पाय न हलवता 108 ची गाडी बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने थेट सिव्हिल गाठा.

जानेवारीत दिवे लावून पुन्हा एक फेरी मारा. ताज्या मालाला उन्हाने बारीक भेग गेली असेल, तर तिथून उजेड दिसेल.