एजंटसाठी बफर टूलचं डॉक्युमेंटेशन लिहिताय? या चुका टाळा

पणजीत बसून आम्ही नकाशाची टूल्स बनवतो. भूखंडाभोवती बफर, म्हणजे ठरावीक अंतराचा पट्टा, काढायचा, दोन हद्दींचा सामाईक तुकडा कापायचा, क्षेत्रफळ मोजायचं. पूर्वी ही टूल्स माणसं वापरायची आणि अडलं की फोन करायची. एआय एजंट, म्हणजे टूल्स स्वतः चालवून काम उरकणारा एआय, फोन करत नाही. लिहिलंय त्यावरून अंदाज बांधतो आणि बिनदिक्कत पुढे जातो. तरी नवीन मुलं वर्णन लिहितात ते असं: 'बफर: दिलेल्या आकाराचा बफर तयार करते.' वा, कळलं सगळं!

एकक न लिहिणं

यावर माझी एक रात्र गेलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेडण्याकडच्या किनाऱ्यावरचे ६३ सर्व्हे नंबर होते. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत भरतीरेषेपासून २०० मीटरचं ना विकास क्षेत्र आहे, त्यात यातले कोणते येतात, एवढाच एजंटला प्रश्न. टूलच्या वर्णनात 'डिस्टन्स: बफरचं अंतर' इतकंच लिहिलेलं, आणि डेटा अक्षांश-रेखांशात. एजंटने २०० पाठवले, टूलने ते २०० अंश धरले. एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण १११ किलोमीटर. अख्खा गोवा त्यात मावतो. २०० अंशांचा बफर तर पृथ्वीच गिळून बसतो. एरर मात्र कुठेच नाही. एजंटने सुबक तक्ता करून दिला: ६३ पैकी ६३ बाधित. त्यातला एक नंबर डोंगराच्या माथ्यावर, काजूच्या बागेत होता. तो नजरेला पडला म्हणून वाचलो. अहवाल सकाळी जायचा होता.

त्यावर आमच्यातल्या एका घाईवाल्याने उपाय काढला: 'मीटरला १,११,००० ने भागा, असं एक वाक्य टाकू या.' असल्या शॉर्टकटची मला चीड आहे. गोव्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंश आखूड होतो, सुमारे १०७ किलोमीटरचा. म्हणजे २०० मीटरची पट्टी त्या दिशेने १९३ च्या आसपास भरते. आणि आपला समुद्र पश्चिमेला, तेव्हा पट्टी मोजायची ती नेमकी पूर्वेकडे! सात मीटरांत इथे बलकांवासकट (दारापुढच्या बैठकीसकट) घराचा दर्शनी भाग बसतो.

मी आता पॅरामीटरचं नावच 'डिस्टन्स_मीटर' ठेवतो. वर्णनात लिहितो की टूल आतल्या आत डेटा यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमधल्या निर्देशांक प्रणालीत (कोड ईपीएसजी ३२६४३) बदलून मोजतं. डेटाची निर्देशांक प्रणाली कळवली नसेल तर टूलने थांबायचं आणि एररमध्येच सांगायचं की काय पाठवलं म्हणजे चालेल. नुसतं 'अवैध इनपुट' म्हटलं की एजंट तेच पुन्हा चार वेळा पाठवतो.

अक्षांश आधी की रेखांश?

बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो. जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी, त्याच्या २०१६ च्या मानकात, आरएफसी ७९४६ मध्ये, तसं स्पष्ट आहे. क्रम उलटला की पणजी नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात जाऊन पडते, आणि दोन्ही आकडे वैध असल्यामुळे टूल हूं की चूं करत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक वर्णनात पणजीचं उदाहरण असतं: [७३.८३, १५.४९]. नियमाच्या चार ओळींपेक्षा एजंट हे एक उदाहरण जास्त नीट पाळतो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. 'इंटरसेक्ट्स' हो-नाही सांगतं, 'इंटरसेक्शन' कापलेला तुकडा देतं. हा फरक लिहा. शेजारच्या दोन प्लॉटची नुसती हद्द सामाईक असेल तरी पहिलं 'हो' म्हणतं, हेही लिहा. काहीच सापडलं नाही तर रिकामा आकार येतो की एरर, ते सांगा. हजारो बिंदूंचा पॉलिगॉन उत्तरात ओतू नका, आयडी आणि क्षेत्रफळ द्या. बिंदूभोवतीचा बफर खरा गोल नसतो. पाव वर्तुळाला आठ तुकडे असतील तर तो बत्तीसकोन होतो आणि क्षेत्रफळ ०.६ टक्क्यांनी कमी भरतं. आणि कोड दाखवून एआयकडूनच वर्णन लिहून घेणाऱ्यांनो, कोडमध्ये जे लिहिलेलंच नाही ते त्याला कुठून कळणार?

माझी एक सवय आहे. वर्णन लिहून झालं की ते कोऱ्या चॅटमध्ये टाकतो, वर एक अवाक्षर सांगत नाही, आणि तीन-चार कामं देतो. गेल्या आठवड्यात हद्दीपासून ५० मीटर आत सरकायला सांगितलं, तर एजंटने उणे ५० पाठवले. बरोबरच होतं ते. पण भूखंड होता ८० मीटर रुंदीचा, तो नाहीसाच झाला, आणि एजंटने 'काम पूर्ण' म्हणून कळवलं. उणे अंतरावर आता वर्णनात दोन ओळी आहेत.